तुपाची शाई : मुद्रणाच्या सोवळ्याची एक हकीकत

चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा प्रसाद घेऊन झाला, की आपल्या देवळांच्या सभामंडपांत नव्या पंचांगाचे पूजन होते आणि भटजी वर्षफल वाचून दाखवितात. पंचांगावर हळदकुंकू वाहिले जाते, अक्षता पडतात, फूल ठेवले जाते. त्या वेळी हा ग्रंथ कोणत्या शाईने छापला आहे, ती शाई कशाची केली आहे, असा प्रश्न कोणाच्याही मनाला शिवत नाही. पाटावर बसून छापील पोथी वाचणाऱ्यांनाही तो पडत नाही. छापील अक्षर आपल्या देवघरात इतके रुळून गेले आहे की, ते कधी काळी उंबरठ्याबाहेर अडले होते, हे सांगूनही खरे वाटू नये.

परंतु ते अडले होते, ही गोष्ट खरी. मूळचे मडगावचे गोविंद नारायण माडगांवकर यांनी १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात तिची नोंद आहे. छापील कागदास शिवण्यास भिणारे आणि छापील पुस्तके न वाचणारे धार्मिक लोक आपल्या काळीही मुंबईत व मुंबईबाहेर आहेत, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे दुसरे गोमंतकीय संशोधक अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९५८ साली 'द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया' या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही हकीकत साऱ्या देशापुढे मांडली. शाईत जनावरांची चरबी असते, म्हणून छापलेला कागद सोवळ्यात चालत नाही, असे त्या आक्षेपाचे स्वरूप होते.

नंतरच्या सुधारक पिढ्यांनी या आक्षेपाची थट्टा केली. अडाणीपणाचा नमुना म्हणून तो व्याख्यानांतून सांगितला जाऊ लागला आणि सांगणारे व ऐकणारे दोघेही हसून पुढे गेले. आम्हांस मात्र असे वाटते की, या प्रकरणाचा न्याय नीट झालेला नाही. शाईत काय असते, हा प्रश्न विचारणारे लोक चुकीचे बोलत होते की बरोबर, हे शाई उघडून पाहिल्यावाचून ठरविता येणार नाही. ते उघडून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या धर्मग्रंथांच्या छपाईलाच आपल्या लोकांचा विरोध होता, असे बहुधा गृहीत धरले जाते. इतिहास तसे सांगत नाही. मुद्रणयंत्र हिंदुस्थानात आले ते १५५६ साली, गोव्यास, सेंट पॉल कॉलेजात. ते मिशनऱ्यांच्या हाती राहिले आणि त्यावर त्यांचे ग्रंथ निघाले. फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले तेही रोमन लिपीत. आपल्या लिपीला आणि आपल्या ग्रंथांना त्या यंत्राचा उपयोग झाला नाही. तरीही ते यंत्र आपल्याला हवे, असे वाटणारी माणसे लवकरच निघाली. सुरतेचे व्यापारी भीमजी पारेख यांनी आपले प्राचीन ग्रंथ छापावे या इच्छेने १६७० साली ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रकाची मागणी केली, आणि १६७४ साली हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून मुंबईस आला. भीमजींचा मनोरथ सिद्धीस गेला नाही, ही गोष्ट निराळी. पुढे पेशवाईच्या अखेरीस नाना फडणविसांच्या वेळी गीता छापण्याचा विचार निघाला. तो नानांच्या पश्चात मिरजेस तडीस गेला. तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली, म्हणजे शके १७२७ मध्ये, तेथे भगवद्गीता छापली गेली. वैदिक ब्राह्मणांना आश्रय देणाऱ्या संस्थानिकांच्या घरात जर गीता छापली जाते, तर छापणे हेच पाप होय, अशी समाजाची भावना होती असे म्हणता येत नाही.

तात्पर्य, आक्षेप यंत्रावर नव्हता आणि अक्षरांवरही नव्हता. तो द्रव्यावर होता. आणि द्रव्याचा प्रश्न द्रव्याच्याच परीक्षेने सुटावयाचा असतो.

आपल्या पोथ्यांची शाई काय होती, हे पूर्वी घराघरांत ठाऊक असे. दिव्याची काजळी धरावी, बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात ती दीर्घकाळ खलावी, की पिढ्यान् पिढ्या टिकणारी काळी शाई तयार होई. कागदही हाताने केलेला, त्याला पिठाची खळ द्यावयाची आणि गुळगुळीत दगडाने तो घोटावयाचा. समर्थांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीच एक संपूर्ण समास लेखनक्रियेला दिला आहे, यावरून पोथी लिहिण्याच्या साहित्याकडे आपले पूर्वज किती बारकाईने पाहत असत, ते दिसून येते. काजळी, डिंक, पाणी, पीठ ही सर्व द्रव्ये घरातील होत. त्यांत संशयाला जागा नव्हती. अशा पोथीवर वाढलेल्या माणसाच्या हाती दूरदेशीची शाई लावलेला कागद आला, तर त्याने तो नाकाशी धरून 'हे काय आहे?' असे विचारणे स्वाभाविकच होते. त्या कागदाला वास येत होता, आणि तो वास तेलाचा होता.

ते तेल कोठून आले? याचे उत्तर मुद्रणाच्या जन्मातच आहे. पाण्याची शाई लाकडाच्या ठशावर चांगली बसते. चीन देशात शेकडो वर्षे तशीच छपाई होत होती. पण धातूच्या खिळ्यावर पाणी पसरत नाही, अळूच्या पानावर राहावे तसे ते थेंब थेंब होऊन राहते. म्हणून जर्मनीतील माइन्त्स येथे योहान गुटेनबर्गाने १४५० च्या सुमारास धातूचे खिळे जुळवून छपाई सुरू केली, तेव्हा त्याला शाईही नवी शोधावी लागली. चित्रकार जे जवसाचे तेल वापरीत, त्याच जातीच्या सुकणाऱ्या तेलाचा त्याने आश्रय घेतला. १४५५ च्या सुमारास पुरे झालेले त्याचे बायबल आजही पाहावे तर अक्षरे ओल्या कोळशासारखी काळी चमकतात. १९८० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी त्या बायबलाच्या पानांवर सूक्ष्म प्रोटॉन किरण सोडून, कागदाला धक्का न लावता, त्या शाईची परीक्षा केली. तिच्यात तांबे आणि शिसे यांचे प्रमाण पुष्कळ आढळले. इतकेच नव्हे, तर पानापानांतून ते प्रमाण बदलते असे दिसले, आणि त्यावरून कोणते पान कोणत्या क्रमाने छापले गेले असावे याचाही माग काढता आला. पाचशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकाने आपली कृती लिहून ठेवली नाही, पण शाईने ती सांगितली.

या शाईची कृती पुढे चारशे वर्षे मूलतः एकच राहिली. जवसाचे तेल मोठ्या कढईत तीनशे अंशांच्या आसपास तापवावयाचे, ते दाट होऊन बोटांत धरले असता तार सुटेपर्यंत कढवावयाचे, त्यात पाव व कांदा तळून काढावयाचा, राळ घालावयाची, आणि थंड झालेल्या त्या रोगणात काजळी घोटावयाची. इतके ऐकल्यावर कोणी म्हणेल की, यात चरबी कोठे आली? जवस, राळ, काजळी हे सारे तर निर्दोषच आहे! कृती निर्दोष होती खरी, परंतु कृती आणि व्यवहार यांत नेहमीच अंतर पडते. जोसेफ मॉक्सन या इंग्रज लेखकाने १६८३ साली मुद्रणकलेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात तो आपल्याच देशातील शाई करणारांवर कोरडे ओढतो. हॉलंडातील शाई चांगली, कारण तेथे शुद्ध जवसाचे तेल वापरतात, आणि आमच्याकडील लोक मात्र पैसे वाचविण्यासाठी देवमाशाचे तेल व प्रमाणाबाहेर राळ घालतात, अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे विलायती शाईत प्राणिजन्य मेद मिसळला जातो, हे प्रथम सांगणारा कोणी सोवळा ब्राह्मण नव्हता. तो लंडनचा एक जाणता मुद्रक होता.

आणखी पुढे चलावे. विल्यम सॅव्हेज याने १८३२ साली लंडनला मुद्रणाच्या शाईवर एक स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तम शाईत साबण असलाच पाहिजे, त्यामुळे ती अक्षरावर सारखी बसते व खिळा स्वच्छ सोडते, असे त्याचे मत होते. त्या काळी विलायतेत साबणासाठी चरबी सर्रास वापरली जाई. शाई खिळ्यांना लावण्याची साधनेही पाहावीत. पूर्वी ती लोकर भरलेल्या कातड्याच्या गोळ्यांनी लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सरस आणि काकवी एकत्र आटवून केलेले लवचीक रूळ आले. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यांचा व हाडांचा काढा. विलायती हातकागदालाही खळ असे ती त्याच सरसाची. तेव्हा छापील कागदाविषयी शंका घेणारा माणूस अज्ञानाने बोलत होता असे म्हणवत नाही. त्याला रसायन ठाऊक नव्हते, पण वस्तुस्थितीच्या तो फार दूर नव्हता.

आता आपल्या कथेचा मुख्य भाग येतो. मुंबईत आपल्या लोकांच्या हाती पहिल्याने जे मुद्रण आले, ते खिळ्यांचे नव्हते, शिळाछापाचे होते. ही कला बव्हेरियातील म्यूनिक येथे आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ ते १७९८ या वर्षांत शोधून काढली. तिचे मर्म पाणी आणि स्निग्ध पदार्थ यांचे पटत नाही, एवढ्याच एका साध्या गोष्टीत आहे. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर स्निग्ध शाईने अक्षरे लिहावयाची. त्या शाईतील मेदाम्ल आणि शिळेतील चुना यांचा संयोग होऊन पाण्यात न विरघळणारे द्रव्य शिळेच्या अंगातच तयार होते. मग शिळेवर डिंक व किंचित तेजाब यांचा हात फिरवून ती ओली करावयाची. ओल्या भागावर छपाईची शाई बसत नाही, अक्षरांवर बसते. वर कागद ठेवून दाब दिला की छाप उठते. ना खिळे पाडावयास हवेत, ना जुळवावयास. ज्याचे हस्ताक्षर चांगले, त्याचे अक्षर जसेच्या तसे शेकडो प्रतींवर उमटते. मोडी, देवनागरी, कोष्टके, कुंडल्या, सर्व काही. पंचांगासारख्या आकड्यांच्या व रकान्यांच्या ग्रंथाला तर हा मार्ग फारच सोयीचा.

पण वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या कलेत शाया दोन असतात. शिळेवर लिहिण्याची शाई एक, आणि छापण्याची शाई दुसरी. छापण्याची शाई कढविलेल्या जवसाच्या तेलाचीच. लिहिण्याची शाई मात्र मेण, साबण, लाख, काजळी आणि चरबी यांची. झेनेफेल्डरच्या काळापासून तिच्या बहुतेक कृतींत जनावरांच्या चरबीचे नाव उघड येते. तेव्हा शिळाछापाविषयी घेतलेला आक्षेप केवळ भेसळीच्या संशयावर उभा नव्हता. चरबी हे त्या कलेचे सांगूनसवरून घेतलेले द्रव्य होते.

ही कला मुंबईत ज्यांनी आपलीशी केली, ते गणपत कृष्णाजी. ज्ञातीने ते भंडारी. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता, त्याचे काम पाहून आपणही असे करावे, अशी त्यांच्या मनाने उचल खाल्ली. माडगांवकरांनी त्यांच्या खटपटीचे जे वर्णन केले आहे, ते आजही वाचणाराला थक्क करते. छापखाना विकत घेण्याचे सामर्थ्य नव्हते, म्हणून त्यांनी लाकडाचे यंत्र आपल्या हातांनी घडविले. शिळेचा एक लहानसा तुकडा मिळवून त्यावर अभ्यास केला. पुढे लोखंडी यंत्र करविले. आणि शाई? तीही त्यांनी स्वतःच अनेक प्रयोग करून सिद्ध केली. १८३१ साली त्यांनी शके १७५३ चे मराठी पंचांग छापून काढले. आपल्या भाषेतील ते पहिले छापील पंचांग होय. पुढे त्यांनी मराठी अक्षरांचे साचे तयार करून खिळ्यांचा छापखानाही चालविला. सॅव्हेजचा शाईवरील ग्रंथ लंडनला निघाला तो या पंचांगानंतरच्या वर्षी, हे कालमान मनात ठेवण्यासारखे आहे. ज्या प्रश्नावर लंडनचा एक तज्ज्ञ ग्रंथ लिहीत होता, त्याच प्रश्नावर मुंबईत एक स्वयंशिक्षित कारागीर कढईपाशी बसून प्रयोग करीत होता.

धार्मिक लोकांची शंका दूर व्हावी म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, अशी हकीकत परंपरेने सांगितली जाते. तुपाच्या शाईने छापलेल्या पोथ्या सोवळ्यात चालू लागल्या, असे ती हकीकत म्हणते. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण तूप शाईत चालते का, आणि चालले तर कोणत्या कामी, हा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. रसायनशास्त्र येथे आपल्या मदतीस येते.

तेल आणि तूप यांचे अंतरंग प्रथम उलगडले ते मिशेल शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने. १८२३ साली त्याने आपले संशोधन ग्रंथरूपाने मांडले आणि सर्व स्निग्ध पदार्थ हे ग्लिसरीन व मेदाम्ले यांचे बनलेले असतात, असे दाखवून दिले. सर्व मेदाम्ले मात्र सारखी नसतात. जवसाच्या तेलातील मेदाम्लांत हवेतील प्राणवायूशी संयोग पावण्याच्या जागा पुष्कळ असतात. त्यामुळे त्याचा पातळ थर हवेत ठेवला की त्याचे कण एकमेकांत गुंफले जातात आणि थर घट्ट चिवट पापुद्र्यासारखा होतो. आपण त्याला 'सुकणे' म्हणतो, पण पाणी सुकते तसे हे सुकणे नव्हे. येथे काही उडून जात नाही, उलट हवेतून काही आत येते. या जागा मोजण्याची रीत १८८४ साली हुब्ल याने बसविली. एखादे तेल किती आयोडीन धरते ते पाहावयाचे. जवसाच्या तेलाचे हे आयोडीन मूल्य १७० ते २०० असते. तिळाच्या तेलाचे शंभराच्या थोडे वर. जनावरांच्या चरबीचे चाळीस-पन्नासापर्यंत. तुपाचे तीसच्या आसपास, आणि आपल्या खोबरेलाचे दहाच्याही खाली. खोबरेल तेल फरशीवर सांडले तर महिनाभर ओशट राहते, आणि जवसाच्या तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी मात्र चिवट पापुद्रा धरतो, याचे कारण हेच.

यावरून उघड होते की, छापण्याची सगळी शाई तुपाची करता येणार नाही. तशी केली तर ती कधीच सुकणार नाही. अक्षराभोवती तुपकट वलय पसरेल, समोरच्या पानावर उलटी छाप उठेल, आणि शिळेचा कोरा भागही तेलटून सारे पान काळवंडेल. गणपत कृष्णाजींसारख्या चोखंदळ माणसाने असे पान बाजारात पाठविले नसते. मग तूप गेले कोठे? आमचे अनुमान असे की, कारागीर जेथे जेथे चरबी घालीत, तेथे तेथे तिच्या जागी तूप गेले असले पाहिजे. एक जागा शिळेवर लिहिण्याच्या शाईची. तेथे सुकण्याचा प्रश्नच नाही, शिळेला मेदाम्ल मिळाले की काम झाले, आणि ते देण्यास तूप चरबीइतकेच समर्थ आहे. तूप चरबीहून मऊ असते, तेव्हा मेण किंवा लाख थोडी अधिक घालावी लागेल, इतकेच. मेण आणि लाख आपल्या धार्मिक व्यवहारात निषिद्ध नाहीत. साबण मात्र तेलाचा घ्यावा लागेल. दुसरी जागा छापण्याच्या शाईची. शाई फार घट्ट झाली म्हणजे शिळाछापवाले तीत चिमूटभर चरबी मिसळून ती मऊ करीत. ते काम थोड्या तुपाने सहज होते. दोन्ही ठिकाणी तूप हे केवळ समजुतीसाठी शिंपडलेले प्रोक्षण नव्हते. शाईच्या स्वभावात बसणारे ते खरेखुरे पर्यायी द्रव्य होते.

आम्हांस या हकीकतीतील महत्त्वाची गोष्ट येथे दिसते. भंडारी ज्ञातीतील एका कारागिराने सोवळ्यातल्या गिऱ्हाइकाची शंका ऐकून घेतली. त्याने त्याला मूर्ख म्हटले नाही, आणि खोटे बोलून फसविलेही नाही. आपल्या शाईत काय आहे ते पाहिले, जे आक्षेपार्ह होते ते काढले, आणि त्याच्या जागी शाईला मानवेल असे द्रव्य घातले. शंकेचे उत्तर त्याने कढईत दिले. याच्या उलट उदाहरण फार दूर नाही. १८५७ साली काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे या वार्तेने जो क्षोभ उसळला, त्याची कारणे अनेक होती हे खरे. पण द्रव्याविषयीची शंका वेळीच आणि विश्वासाने दूर केली नाही म्हणजे काय होते, ते त्या प्रसंगाने दाखविले. छपाईच्या बाबतीत तसे घडले नाही. १८६९ साली जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला, आणि तेथून निघालेले सुबक संस्कृत ग्रंथ देशभरच्या पाठशाळांत शास्त्रीपंडितांच्या हाती गेले. एका पिढीत जो कागद अस्पृश्य होता, तो दुसऱ्या पिढीत वेदाध्ययनाचा आधार झाला.

त्यानंतर शाईचा अभ्यास कारागिराच्या हातून शास्त्रज्ञाच्या हाती गेला. इंग्लंडात १९३० साली मुद्रणसंशोधनाची संस्था निघाली. अमेरिकेत १९४६ साली लीहाय विद्यापीठात केवळ मुद्रणाच्या शाईसाठी राष्ट्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. शाईला दोन स्वभाव असतात, हे तेथील अभ्यासाने नीट मोजले गेले. एक तिचा दाटपणा. स्थिर असता ती थिजल्यासारखी राहते आणि रुळांत घोळली की वाहू लागते, जसे विरजलेले दही ढवळताच सैल होते तसे. दुसरा तिचा चिकटपणा. खिळ्यावरून कागद उचलताना शाईचा थर मध्येच फाटतो, काही भाग कागदावर जातो आणि काही खिळ्यावर राहतो. कागद किती शाई ओढून घेईल आणि उरलेल्या थराचा किती वाटा आपल्याकडे घेईल, याचे समीकरण वॉकर व फेट्स्को या दोघांनी त्याच संस्थेत १९५५ साली मांडले. पूर्वीचा कारागीर बोटांत शाई धरून तिची तार किती लांबते ते पाहत असे, आणि त्यावरून जे ओळखत असे, तेच आता आकड्यांनी सांगता येऊ लागले. पावसाळ्यात छापलेली पाने उशिरा सुकतात, हे आपल्याकडील प्रत्येक छापखानेवाल्यास ठाऊक असते. ओलसर कागदावर तेलाचा प्राणवायूशी होणारा संयोग मंदावतो, हे त्याचे कारणही स्पष्ट झाले.

या अभ्यासातून आणखी एक भेद पुढे आला, आणि तो आपल्या देवळांशी संबंध असलेला आहे. पुस्तकाची शाई सुकून घट्ट होते. वर्तमानपत्राची शाई तशी सुकत नाही. वेगाने धावणाऱ्या यंत्रावर तेलाला हवेशी संयोग पावण्याइतकी उसंत नसते, म्हणून ती शाई खनिज तेलात काजळी मिसळून करीत आले. ती कागदात जिरते, आणि जिरून तशीच ओशट राहते. सकाळचे वर्तमानपत्र वाचल्यावर बोटे काळी होतात ती यामुळे. अमेरिकेत १९८७ साली सीडर रॅपिड्स येथील 'गॅझेट' या पत्राने प्रथम सोयाबीनच्या तेलाच्या शाईने अंक छापला, आणि तेव्हापासून वनस्पतितेलाच्या शायांचा प्रसार झाला. तरीही शाई ही शाईच. ती पोटात जाण्यासाठी केलेली नसते.

आता आपल्याकडचे एक दृश्य डोळ्यांपुढे आणावे. उत्सवाची गर्दी आहे, महाप्रसाद झाला आहे, आणि घरी न्यावयाचा शिरा किंवा लाडू वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून हाती दिला जातो. त्या शिऱ्यात तूप आहे. कागदावर न सुकलेले तेल आहे. स्नेह स्नेहाला ओढतो, हा तर झेनेफेल्डरच्या शिळेचाच नियम. शिऱ्यातील ऊन तूप कागदातील तेल, रंग आणि जे काही त्यात असेल ते आपल्यात ओढून घेते. भारत सरकारच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली केलेल्या वेष्टनविषयक नियमांनी खाद्यपदार्थ ठेवण्यास वा बांधण्यास वर्तमानपत्राचा कागद वापरण्याची मनाई केली आहे, आणि वेष्टनांवरील छपाईची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकाप्रमाणेच असावी असे ठरविले आहे. २०२३ साली प्राधिकरणाने लोकांस पुन्हा एकदा सावधही केले. नियम आहे, पण आमच्या देवळांतून तो पोहोचला आहे, असे सर्वत्र म्हणता येत नाही.

येथे मनाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. आमच्या पणजोबांच्या पूर्वीच्या पिढीने शाईत चरबी आहे म्हणून कागदाला हात लावला नाही, आणि त्यांच्या हट्टामुळे तूप शाईत गेले. आम्ही त्यांना हसलो, सुशिक्षित झालो, आणि आता तीच शाई देवाच्या प्रसादाच्या तुपात जात असता आम्हांस काहीच वाटत नाही. सोवळे म्हणजे केवळ शिवाशिव, असा त्याचा अर्थ लावून आम्ही ते टाकून दिले. त्यातील माणसामाणसांतील भेद टाकला ते योग्यच झाले, आणि ते अजून पुरतेपणी टाकले पाहिजे. परंतु जे देवापुढे ठेवावयाचे, जे मुखात घालावयाचे, ते कशाचे केले आहे हे विचारण्याची जी सवय त्यात होती, तीही आम्ही त्याबरोबर टाकली. ती टाकावयाची नव्हती.

उपाय अवघड नाही. केळीचे पान आमच्या अंगणात आहे, पळसाच्या व फणसाच्या पानांचे द्रोण लावणारे हात अजून गावोगाव आहेत, आणि कोरा स्वच्छ कागद बाजारात मिळतो. देवस्थानच्या महाजनांनी व व्यवस्थापकांनी पुढील उत्सवाच्या खर्चात एवढी एक बाब धरली, तर पुरे आहे. येत्या पाडव्याला नव्या पंचांगावर हळदकुंकू वाहताना ज्याने पहिले मराठी पंचांग छापले त्याचे स्मरण करावे. आणि पंचांगवाचन संपून प्रसाद हाती घेतला, म्हणजे तो कशात बांधला आहे, ते एकदा पाहावे.